खांबावरचा अल्सीद

अल्सीद मिशो एकतीस वर्षं टेलिफोन कंपनीत लाइनमन होता आणि मी तेहेतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत. त्यामुळे आमचं भांडण जुनं. रस्त्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे त्याचं. मी दारातलं बर्फ ओढायला बाहेर पडले की तो पलीकडून हाक मारायचा.

"काय ओडेट, तुझं परवाचं पत्र पोचलं का गं? नाही, ती बातमी मी परवाच फोनवर ऐकली, म्हणून विचारतो."

"माझी पत्रं लोक डब्यात जपून ठेवतात. तुझा फोन कोण ठेवतं रे जपून?"

आणि दुसऱ्या दिवशी तो परत तेच विचारायचा. त्याची बायको ब्लांश खिडकीतून डोकवायची आणि म्हणायची, "दोघंही आत या, प्लॉय गार होतायत." मग आम्ही आत जाऊन तिच्या हातचे ते धिरड्यांसारखे पिवळे पातळ प्लॉय लोणी लावून खायचो आणि भांडण तिथेच संपायचं.

रविवारी अल्सीद चर्चला जायचा तो ब्लांश न्यायची म्हणून. त्याची खरी श्रद्धा लाइनवर. लाइन मेली नाही पाहिजे, एवढा एकच धर्म त्याला ठाऊक. काम झालं की कमरेला लटकवलेला रिसीव्हर उचलायचा, डायल टोन ऐकायचा, आणि टोन ऐकल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही. ही सवय इतकी अंगात भिनली होती, की कुणाच्याही घरी गेला तरी टोपी काढायच्या आधी तो त्यांचा फोन उचलून कानाला लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "चालू आहे." माझी आई गेली त्या दिवशी आलेल्या माणसांची जेवणं चालली होती, तेव्हाही त्याने हेच केलं. मी चिडून म्हटलं, "अरे, आत्ताच मी त्यावर पाच जणांना कळवलंय!" तो म्हणाला, "तेव्हा चालू होता. मी आत्ताचं बघतोय."

त्याच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी खुंट्यांवर दोन कोट असायचे. दोन्ही कंपनीचे, जाड लोकरीचे, हिरवे, छातीवर पिवळ्या दोऱ्याने नाव शिवलेले. एकावर अल्सीद. दुसऱ्यावर रोलां. रोलां देग्ल हा त्याचा जोडीदार. तो एक्याऐंशी साली जानेवारीत खांबावरून पडला. चौतीस वर्षांचा होता. लाइनमनांच्या टोळीत एक रीत होती. पडलेल्या माणसाचा कोट त्याच्या घरात ठेवायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने तो आपल्या हाताने त्याच्या जोडीदाराला द्यायचा. रोलांच्या बायकोने अल्सीदला दिला. तो कोट घेऊन तो घरी आला, तेव्हा ब्लांश रात्रभर रडली, असं तिनेच मला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने एक सुरू केलं. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला, उजेड जायला लागला की ती कंपनीच्या ऑफिसात फोन करायची. "अल्सीद कुठंय?" तिथला माणूस रोज तेच सांगायचा, "मिशोबाई, तो फ्रेंचव्हिलच्या खांबावर आहे. अंधार पडायच्या आत उतरेल." टोळी खरोखर कुठे आहे, हे त्या माणसाला अर्ध्या वेळा माहीतही नसायचं. पण ब्लांशचं तेवढ्याने भागायचं. ती चूल पेटवून सूप ठेवायची.

हे मी इतकं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

ब्लांशला विसर पडायला लागला तो हळूहळू. आधी किल्ल्या, मग नावं, मग एकदा ती मायनस वीसमध्ये पायात नुसते मोजे घालून माझ्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, हे पोस्ट आहे का?" त्यानंतर त्यांची मुलगी लीझ कनेटिकटहून आली आणि तिने आईला साठ मैलांवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. लीझ वाईट नाही. तिला कामाचा उरक आहे, एवढंच; आणि ज्यांना उरक असतो त्यांच्यापुढे आमच्यासारख्यांचं काही चालत नाही. अल्सीद आठवड्यातून तीनदा गाडी काढून जायचा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेले प्लॉय. ब्लांश ते खायची आणि त्याला "थँक यू मिस्टर" म्हणायची.

मग ते साथीचं वर्ष आलं. मार्चमध्ये वृद्धाश्रमाने दारं लावली. ब्लांशची खोली दुसऱ्या मजल्यावर. अल्सीद दोनदा जाऊन खाली गाड्या लावतात तिथे उभा राहिला. तिथल्या मुलींनी तिला खिडकीशी आणलं. तिने हात हलवला, पण तो बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला. तो ड्रायव्हर बिचारा भला, त्यानेही हलवला. घरी येऊन अल्सीदने मला हे सांगितलं आणि हसला. मी हसले नाही. त्यानंतर तो पुन्हा गेला नाही.

ऑक्टोबरात एकदा मी त्याच्याकडे कोंबडीचं सूप घेऊन गेले. मास्क हनुवटीवर, तोंड चालू. तेवढ्यात फोन वाजला. अल्सीदने मला हाताने गप्प केलं, घड्याळाकडे बघितलं, घसा खाकरला आणि रिसीव्हर उचलला. आणि जो आवाज निघाला तो त्याचा नव्हताच. एकदम कचेरीतला, रुबाबदार.

"टेलिफोन कंपनी, बोला. … हो मिशोबाई. … तो ना, फ्रेंचव्हिलच्या खांबावर आहे. अंधार पडायच्या आत उतरेल. … सांगतो. सूप ठेवलंय म्हणून सांगतो. … नाही हो, वारा फार नाही आज."

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. मी खुर्चीवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मेपासून. रोज. लेकीचं नाव विसरली, माझं तोंड विसरली, पण या घराचा नंबर बोटांत राहिलाय बघ. तोच ऑफिसचा समजून लावते." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पहिल्या दिवशी मी म्हटलं, अगं, मीच अल्सीद. तर घाबरली. म्हणाली, माझ्या नवऱ्याचा आवाज मला कळत नाही का, म्हाताऱ्या? आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी मला हे सुचलं."

"लीझला ठाऊक आहे?"

"वेडी आहेस का? तिला कळलं तर ती तिथल्या लोकांना सांगणार, आणि ते फोन काढून घेणार. पेशंटला त्रास होतो म्हणून." मग म्हणाला, "ओडेट, बाहत्तर वर्षांचा बाप्या मी. दिवसभर काय करतो? साडेतीन वाजायची वाट बघतो."

पोस्टातल्या बाईला गुपितं ठेवता येतात.

नोव्हेंबरात लीझचं पार्सल आलं. एक टॅब्लेट आणि एक नवा राउटर. वृद्धाश्रमात दर रविवारी दहा मिनिटं चेहरा बघून बोलायची सोय झाली होती, आणि अल्सीदकडे होता दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, थेट केबलने मोडेमला जोडलेला, ज्यावर तो हवामान आणि मयतांची यादी वाचायचा. टॅब्लेटला वायफाय हवं. वायफायला राउटर हवा. लीझ फोनवर म्हणाली, "पापा, काही नाही हो, फक्त केबल काढायची आणि राउटरला लावायची. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम तीन आठवडे चाललं. केबल लावली, राउटर सुरू झाला, पण त्याचा दिवा नारिंगीच राहिला. हिरवा व्हायचं नाव घेईना. अल्सीदने केबल बदलली, टोकं पुसली, राउटर उलटा ठेवून बघितला. मी म्हटलं, "कस्टमर केअरला फोन लाव." तर हा गडी फोनवर ताठ होऊन म्हणतो, "मी स्वतः एकतीस वर्षं कंपनीत होतो." पलीकडची मुलगी दक्षिणेकडची, गोड बोलणारी. ती म्हणाली, "वा साहेब, मग तर सोपं. मोडेमचा प्लग काढा, तीस सेकंद मोजा, परत लावा. आधी मोडेम, मग राउटर."

"काढला," अल्सीद म्हणाला, आणि मोठ्याने मोजायला लागला. "एक, दोन, तीन…"

मी समोर बसले होते. प्लग भिंतीत होता. मोडेमचे सगळे दिवे मजेत लुकलुकत होते. हा माणूस तिच्याशी तीसपर्यंत धडधडीत खोटं मोजला आणि म्हणाला, "लावला. अजून नारिंगीच आहे."

असं त्याने चार वेळा केलं. चार वेगवेगळ्या मुलींना. चौथ्या वेळी मी त्याच्या हातून रिसीव्हर काढून आपटला.

"तुला झालंय तरी काय? त्या पोरींचा वेळ काय फुकट येतो?"

"या डब्यातूनच फोन जातो," तो म्हणाला. "तांब्याची तार काढली ना तीन वर्षांमागे. आता इंटरनेटही हाच आणि फोनही हाच. प्लग काढला की लाइन मेली."

"तीस सेकंद!"

"तीस सेकंदात तिने फोन लावला तर? वाजणारच नाही. मग ती म्हणेल, ऑफिसात कुणी उचलत नाही, म्हणजे काहीतरी झालंय. तुला माहीत आहे ती कशी आहे."

मला माहीत होतं. पण मला रागही आला होता, आणि माझा राग बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. मी उठले आणि सरळ भिंतीतला प्लग ओढला. अल्सीदच्या तोंडाचा रंग उडाला. त्याने झडप घालून रिसीव्हर कानाला लावला. आणि मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"टोन आहे!" तो म्हणाला. "ओडेट, टोन आहे! बॅटरी! मीच मागून घेतली होती कंपनीकडून, आत बसवलीय. जुन्या एक्सचेंजमध्ये खोलीभर असायच्या बॅटऱ्या, गावातली वीज जाऊ दे, लाइन जायची नाही. बघ, बघ ऐक!"

त्याने मला तो टोन ऐकवला, जणू काही बाळ रडलेलं ऐकवतोय. मी ऐकला. राउटर मात्र नारिंगीच राहिला.

पाचव्यांदा फोन लावला तेव्हा ती पहिलीच दक्षिणेकडची मुलगी लागली. यावेळी मी बोलले, खरं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मग बॅटरी काढा. त्या मोडेमला पहिल्यांदा जे मशीन जोडलं ना, तेच त्याच्या लक्षात राहतं. दुसऱ्याशी तो बोलतच नाही. पूर्ण बंद पडला की विसरतो, आणि मग नव्याला ओळखतो. बॅटरीमुळे तो बंद पडतच नाहीये."

मी हे अल्सीदला सांगितलं. त्याने डोकं हलवलं. "लाइन मुद्दाम मारायची? मी? नाही जमायचं."

मला आता स्वतःचीच लाज वाटते, पण मी त्या दिवशी काय बोलले ते लपवत नाही. मी म्हटलं, "मार्चपासून तू तिचं तोंड जवळून बघितलं नाहीस. ती किती दिवसांची सोबती आहे तुला माहीत आहे? उद्या ती गेली तर तुझ्याकडे काय राहणार, टोन?"

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "तिने केस कापलेत म्हणे. रीता सांगत होती." रीता म्हणजे ब्लांशकडे बघणारी मदतनीस. "कसे कापलेत कोण जाणे."

गुरुवारी आम्ही ते केलं. साडेतीनला ब्लांशचा फोन येऊन गेला. कधी कधी ती विसरून दुसऱ्यांदा करायची, म्हणून पाच वाजेपर्यंत थांबलो. मी प्लग काढला, मोडेम उलटा केला, झाकण सरकवलं आणि बॅटरी ओढली. सगळे दिवे गेले. अल्सीद रिसीव्हर कानाला लावून बसला होता. त्याने तो मला दिला.

"ऐक. मेलेली लाइन अशी असते."

काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही.

मग बॅटरी घातली, प्लग लावला, मोडेम जागा झाला, आणि त्यानंतर राउटर. सहा मिनिटं लागली. अल्सीद मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. आधी टोन आला आणि मग राउटरचा दिवा हिरवा झाला. मी टाळ्या वाजवल्या. त्याने मला माझ्या घरी पिटाळलं, तिथून फोन लावायला, कारण टोन आहे म्हणजे बाहेरचा फोन आत येतोच असं नाही. मी बर्फातून रस्ता ओलांडून गेले आणि लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"चालू आहे," तो म्हणाला.

रविवारी दोन वाजता ठरलं. सकाळी मी गेले तेव्हा तो दाढी करून बसला होता, दोन ठिकाणी कापून घेतलेलं. मी निळा स्वेटर काढून ठेवला होता, लीझने नाताळात दिलेला. तो म्हणाला, "यात ती मला ओळखणार नाही. हे तोंड तर तेव्हा नव्हतंच. पण तो कोट ती ओळखेल. बटणं तिनेच लावलीत." आणि त्याने खुंटीवरून आपला कोट काढला. मला ते पटलं. इतकं पटलं की मीच ब्रश घेऊन तो झाडला, कॉलर सारखी केली, छातीवरचं नाव ओल्या फडक्याने पुसून पिवळंधमक केलं. शेजारच्या खुंटीवर रोलांचा कोट तसाच लटकत होता. मी जन्मापासून याच गावातली, तो एकतीस वर्षं लाइनमन, ती रीत आम्हा दोघांना तोंडपाठ. आणि दोघांपैकी एकालाही ती आठवली नाही. आम्ही दिव्याच्या नादात होतो.

टॅब्लेट टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मी बाजूला बसले, दिसणार नाही अशी. दोन वाजून तीन मिनिटांनी पडद्यावर रीताचा मास्क आला, मग छत, आणि मग ब्लांश.

केस अगदी कापले होते, मुलासारखे. बारीक झाली होती. पण ती ब्लांशच होती. उजवी भुवई तशीच वर. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या झग्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे हेही मला दिसलं. अल्सीद टॅब्लेटकडे आणखी वाकला.

"बोंजूर," ब्लांश म्हणाली, परक्या माणसाला म्हणतात तसं.

"ब्लांश," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत होती. मग त्याच्या मागे बघितलं. तिची चूल, तिचे पडदे. मग तिची नजर खाली आली, त्याच्या छातीवर, आणि तिथेच थांबली. तिचे ओठ हलले. ती नाव वाचत होती.

"हा कोट," ती म्हणाली. "हा कोट तुम्हाला कुणी दिला?"

"अगं, माझाच आहे. ब्लांश, मी—"

"मी दिला नाही. मी तुम्हाला दिला नाही." तिचा आवाज मोठा नव्हता. "द्यायचा मान माझा होता. माझ्या हाताने द्यायचा असतो."

तेव्हा मला कळलं. अल्सीदलाही त्याच क्षणी कळलं, कारण तो कोटाची बटणं सोडायला लागला, घाईघाईने, आणि ते आणखीच वाईट दिसलं.

"आजी, हे बघा ना, हेच तुमचे अल्सीद," रीता मागून म्हणाली.

ब्लांशने तिच्याकडे मान वळवली. "तो कधी पडला? तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"कुणी पडलं नाही आजी, हे इथेच तर आहेत."

"फ्रेंचव्हिलला, नाही का? तिथे वारा फार असतो." आणि तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. रीताने टॅब्लेट बंद केला.

राउटरचा दिवा हिरवागार होता. अल्सीद एक बाही काढलेला कोट घालून बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीच बॅटरी ओढली होती. मीच तो कोट झाडला होता.

सोमवारी साडेतीनला फोन आला नाही. चारला त्याने मला रस्त्यापलीकडून हाक मारली, "ओडेट, तुझ्याकडून लाव बरं!" मी लावला. वाजला. "चालू आहे," तो म्हणाला, आणि या वेळी ते मान्य करायला त्याला जड गेलं.

मंगळवारी मी गेले तर तो जमिनीवर बसला होता. मोडेमची बॅटरी बाहेर काढून शेजारी ठेवलेली, स्वतःच्या हाताने. राउटर काढून खोक्यात परत भरलेला, जुना कॉम्प्युटर जोडलेला. "आधी होतं तसं केलं," तो म्हणाला. "सगळं आधी होतं तस्संच." त्याने बॅटरी परत आत बसवली. साडेतीन वाजले. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. पावणेचारला त्याने रिसीव्हर उचलला, एक क्षण टोन ऐकला आणि लगेच ठेवला, लाइन अडकून राहू नये म्हणून. चारला पुन्हा तेच. साडेचारला मी दिवा लावला आणि घरी गेले.

बुधवारी त्याने स्वतः वृद्धाश्रमात फोन केला. मला बोलावून घेतलं होतं. एकट्याच्याने होणार नाही म्हणाला. रीताने ब्लांशच्या हातात फोन दिला. त्याने घसा खाकरला आणि तोच कचेरीतला आवाज लावला. रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"मिशोबाई, मी टेलिफोन कंपनीतून बोलतोय. तुमचा फोन आला नाही म्हणून म्हटलं. अल्सीद खांबावर आहे. फ्रेंचव्हिलच्या. अंधार पडायच्या आत—"

"नका हो," ब्लांश म्हणाली.

तो थांबला.

"तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "रोज मला धीर देत होतात. मला आधीपासून कळत होतं थोडं थोडं. इतके दिवस कुणी खांबावर राहतं का? पण तुमचा आवाज ऐकला की बरं वाटायचं. आता त्याचा कोटही दुसऱ्याच्या अंगावर गेला. आता पुरे."

"मिशोबाई…"

"तुम्हाला कुणी आहे का घरी?" तिने विचारलं.

अल्सीदने रिसीव्हर माझ्याकडे केला, पण मी घेईपर्यंत तिकडे फोन ठेवलेला होता. टोन वाजत होता. अल्सीदने तो शेवटपर्यंत ऐकला, तो तुटून पीं पीं व्हायला लागेपर्यंत, जे त्याने आयुष्यात कधी होऊ दिलं नव्हतं. मग रिसीव्हर जागेवर ठेवला.

तो उठून दाराशी गेला. खुंटीवरून आपला कोट काढला. बाह्या आत घेऊन, नाव वर येईल अशी त्याची घडी केली, ब्लांश करायची तशी, आणि तो माझ्यासमोर धरला.

"काय आहे हे?" मी म्हटलं.

"रविवारनंतरचा आज तिसरा दिवस आहे."

"अल्सीद, वेडेपणा करू नकोस. तू माझ्यासमोर उभा आहेस."

"तिने रडून घेतलंय, ओडेट. ज्याच्यासाठी रडली त्याचा कोट घरात ठेवायचा नसतो. टोळीतलं आता कुणी उरलं नाही, नाहीतर तुला दिला नसता." मग तो थोडा हसल्यासारखा झाला. "तू पोस्टातली. पण चालेल."

मी पोस्टात तेहेतीस वर्षं काढली. नको असलेलं पार्सल परत पाठवायचे सगळे नियम मला पाठ आहेत. मी हात पुढे केले. कोट जड होता, आणि रविवारी मीच पुसलेलं नाव अजून पिवळंधमक होतं. अल्सीदने दार उघडून धरलं. मी रस्ता ओलांडला आणि माझ्या घरात येऊन तो दारामागच्या खुंटीला लावला.